चादरींचा हिशेब

२५ ऑक्टोबर १९९६ रोजी डब्लिनमधल्या शॉन मॅकडरमॉट रस्त्यावरची एक लॉन्ड्री बंद झाली. ती चालवत होत्या कॅथलिक नन आणि तिथे राबत होत्या मठातच ठेवलेल्या बायका. त्यांना पगार नव्हता. दार बंद झालं तेव्हाही सुमारे चाळीस जणी तिथे राहत होत्या. त्यांतल्या बहुतेकींचं वय झालं होतं आणि बाहेरच्या जगात त्यांना जायला घर उरलं नव्हतं. त्या वर्षाच्या उत्तरार्धात आयर्लंड युरोपीय संघाचं अध्यक्षपद सांभाळत होतं आणि देशोदेशीचे मंत्री डब्लिनच्या हॉटेलांत उतरत होते.

बाहेरच्या जगाला या लॉन्ड्र्यांची खरी ओळख झाली ती सहा वर्षांनी, एका चित्रपटामुळे. सप्टेंबर २००२ मध्ये स्कॉटिश दिग्दर्शक पीटर मलन यांच्या ‘द मॅग्डलेन सिस्टर्स’ला व्हेनिस महोत्सवात ‘सुवर्ण सिंह’ मिळाला. व्हॅटिकनच्या मुखपत्राने चित्रपटावर कडाडून टीका केली. आयर्लंडमध्ये मात्र लोकांनी चित्रपटगृहांत गर्दी केली. ज्यांच्या आत्या, मावश्या, कधी सख्ख्या आया त्या भिंतींआड गेल्या होत्या आणि घरात ज्यांचं नाव काढलं जात नव्हतं, असे कितीतरी जण त्या गर्दीत होते.

चित्रपटाची गोष्ट १९६४ मधली. तीन मुली एकाच सुमारास मठात येतात. मार्गारेटवर एका लग्नात चुलतभावाने बलात्कार केलेला असतो. तिने तो सांगितला, हाच तिचा गुन्हा. रोझला लग्नाआधी मूल झालेलं असतं. ते दत्तक देण्याच्या कागदावर पाद्री तिची सही घेतो आणि बाप तिच्याकडे पाहतही नाही. अनाथाश्रमातली बर्नाडेट दिसायला देखणी, फाटकापलीकडच्या मुलांशी बोलणारी, म्हणजे पुढे ‘बिघडू शकेल’ अशी. काहीही घडण्याआधीच तिची रवानगी होते. मठात आधीपासून असलेली चौथी मुलगी क्रिस्पिना भोळी, बुद्धीने थोडी कमी; तिचा शेवट वेड्यांच्या इस्पितळात होतो. मलन यांनी चित्रीकरण केलं स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीस गावातल्या एका ओस पडलेल्या कॉन्व्हेंटमध्ये. त्यांना प्रेरणा मिळाली होती ती ब्रिटनच्या चॅनल फोरवर १९९८ मध्ये दाखवलेल्या ‘सेक्स इन अ कोल्ड क्लायमेट’ या माहितीपटातून. या संस्थांत दिवस काढलेल्या बायका त्यात कॅमेऱ्यासमोर मोकळेपणाने बोलल्या होत्या.

चित्रपटात क्रौर्याला चेहरा आहे, तो सिस्टर ब्रिजेटचा. जेराल्डिन मॅकइवन यांनी ही भूमिका इतक्या गारठवणाऱ्या शांतपणे केली आहे की पाहणाऱ्याचा सगळा संताप तिच्यावरच जमा होतो. तो संताप रास्त आहे. पण या संस्थांचा इतिहास वाचताना त्या एका चेहऱ्याच्या मागे आणखी पुष्कळ चेहरे दिसू लागतात. लॉन्ड्री हा धंदा होता आणि धंद्याला गिऱ्हाईक लागतं. दोन शतकांहून अधिक काळ या संस्था चालल्या, त्या बाहेरून मळलेल्या चादरी येत राहिल्या म्हणून.

सुरुवात खरोखर दयेतून झाली होती. १७५८ मध्ये लंडनमध्ये ‘मॅग्डलेन हॉस्पिटल’ सुरू झालं, वेश्याव्यवसायातून बाहेर पडू पाहणाऱ्या स्त्रियांसाठी. नाव बायबलातल्या मरिया माग्दालियाचं. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तिची आणि शुभवर्तमानातल्या एका अनाम पापिणीची सांगड घातली आणि तेव्हापासून पश्चिमेच्या ख्रिस्ती जगात ती पश्चात्ताप करणाऱ्या स्त्रीची खूण बनली. तिच्या नावाची आश्रयस्थानं पुढे जगभर निघाली. आपल्याकडे जुन्या गोव्यात सतराव्या शतकाच्या आरंभीच, आर्चबिशप आलेशु द मेनेझिश यांच्या काळात, तिच्या नावाने असं एक स्त्रीगृह उभं राहिलं होतं आणि त्याचा कारभार ‘मिझेरिकॉर्दिया’ ही पोर्तुगीज धर्मादाय संस्था पाही.

आयर्लंडमधलं पहिलं मॅग्डलेनगृह १७६७ मध्ये डब्लिनच्या लीसन स्ट्रीटवर निघालं. काढणाऱ्या लेडी अराबेला डेनी प्रोटेस्टंट होत्या आणि तिथे प्रवेशही प्रोटेस्टंट मुलींनाच होता. त्या ठरावीक मुदतीसाठी राहायच्या, काम शिकायच्या आणि बाहेर पडायच्या. एकोणिसाव्या शतकात कॅथलिक संस्था वाढत गेल्या. फ्रान्समधल्या आंजे शहरात स्थापन झालेल्या ‘गुड शेफर्ड’ संघाच्या नन १८४८ मध्ये लिमरिकला आल्या. आयर्लंडवर तेव्हा बटाट्याच्या दुष्काळाची छाया होती. उपासमारीने रस्त्यावर आलेल्या बायकांना छप्पर आणि पोटाला अन्न देणारी जागा हवीच होती. इतिहासकार मारिया लडी यांनी त्या शतकातल्या नोंदवह्या तपासल्या, तेव्हा कितीतरी बायका आपल्या पायांनी आत आलेल्या आणि आपल्या पायांनी बाहेर पडलेल्या आढळल्या. कडाक्याच्या थंडीत शिरावं, उन्हाळ्यात निघून जावं, असाही या गृहांचा उपयोग होई.

याच व्हिक्टोरियन लाटेतलं एक गृह एका मराठी स्त्रीने आतून पाहिलं. १८८३ मध्ये पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टर्सकडे त्या राहत होत्या. तिथून त्यांना लंडनच्या फुलम भागात नेण्यात आलं आणि ‘पतित’ मानलेल्या स्त्रियांसाठी सिस्टर्स चालवत असलेलं काम दाखवण्यात आलं. रमाबाईंच्या मनावर त्याचा खोल ठसा उमटला. समाजाने टाकलेल्या बाईला जवळ घ्यावं, असं कुठे घडलेलं त्यांनी आपल्या देशात पाहिलं नव्हतं. ही माणसं हे का करतात, असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांना येशू आणि विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. त्याच वर्षी सप्टेंबरात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी ‘कृपासदन’ काढलं, ते अशाच स्त्रियांसाठी. केशवपन केलेल्या, घरातल्याच पुरुषाकडून फसलेल्या विधवांचे हाल पाहिलेल्या बाईला फुलममध्ये दया दिसली, आणि ती दया खरी होती. म्हणूनच पुढचा प्रश्न टोचतो. एवढ्या चांगल्या हेतूने उघडलेली दारं आयर्लंडमध्ये आतून बाहेर जाणाऱ्यांसाठी बंद कशी झाली?

उत्तराचा मोठा भाग लॉन्ड्रीच्या कामात सापडतो.

मठ चालवायला पैसा लागतो आणि देणग्यांवर भरवसा ठेवता येत नाही. कपडे धुण्याला भांडवल कमी, मागणी कायमची. शिवाय पापाचा डाग धुऊन काढायचा, ही धर्माची भाषा या कामाला सहज चिकटली. पण धुलाई म्हणजे हातांचं काम. मोठी हॉटेलं, वसतिगृहं आणि इस्पितळं यांचे करार एकदा घेतले की दर आठवड्याला ठरल्या दिवशी कपडे परत गेलेच पाहिजेत. दोन वर्षांत तयार होऊन बाहेर पडणारी मुलगी धंद्याला तोट्याची; वीस वर्षं राहणारी बाई फायद्याची. ‘डू पेनन्स ऑर पेरिश’ या ग्रंथात फ्रान्सिस फिनेगन यांनी गुड शेफर्ड संघाच्या मठांचा सविस्तर अभ्यास केला आहे. मुलींना पुन्हा जगात पाठवण्यापेक्षा त्यांनी कायम आतच राहावं, याकडे संघाचा कल कसा होता, ते त्यातून स्पष्ट होतं. आयुष्यभर राहण्याचं व्रत घेणाऱ्या बायकांचा वेगळा वर्ग होता आणि त्यांना मान होता. आत्म्याच्या भल्याचं कारण आणि धंद्याची गरज, दोन्ही एकाच दिशेने ढकलत होते.

१९२२ मध्ये आयर्लंड स्वतंत्र झालं, तेव्हा नव्या राज्याच्या हद्दीत कॅथलिक संघांच्या दहा मॅग्डलेन लॉन्ड्र्या होत्या. चार संघांनी त्या वाटून चालवल्या. गॉलवे आणि डन लॅरी इथल्या ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’च्या, डब्लिनमधल्या हाय पार्क आणि शॉन मॅकडरमॉट रस्त्यावरच्या ‘अवर लेडी ऑफ चॅरिटी’च्या, डॉनीब्रुक आणि कॉर्कची पीकॉक लेन ‘सिस्टर्स ऑफ चॅरिटी’च्या, आणि लिमरिक, वॉटरफर्ड, न्यू रॉस व कॉर्कची संडेज वेल ‘गुड शेफर्ड’च्या. नवं राज्य गरीब होतं, यादवी युद्धातून नुकतंच बाहेर आलेलं. शाळा, इस्पितळं, अनाथाश्रम चर्चकडेच होते आणि ते तिथेच ठेवणं सरकारला स्वस्त पडत होतं. ब्रिटिशांपेक्षा आम्ही वेगळे कशात, तर आमच्या शुद्ध कौटुंबिक जीवनात, असं नव्या आयर्लंडने स्वतःला पटवलं होतं. १९३५ मध्ये गर्भनिरोधकांच्या विक्रीवर आणि आयातीवर बंदी आली. १९३७ च्या राज्यघटनेने स्त्रीचं जीवन घरात असल्याचं कलमातच लिहून ठेवलं. घटस्फोटाला घटनेनेच मनाई केली.

अशा देशात जिचं पाऊल वाकडं पडलं, ती घराला आणि गावालाच काय, देशाच्या स्वतःबद्दलच्या कल्पनेलाही नकोशी झाली. पुरुषाला कुणी जाब विचारला नाही. मुलीला मात्र लोकांच्या डोळ्यांआड करण्यासाठी एक अख्खी साखळी तयार होती. बाळंतपण अविवाहित मातांच्या गृहात, मूल दत्तक देण्यासाठी किंवा पुढे ‘इंडस्ट्रियल स्कूल’ म्हणवणाऱ्या मुलांच्या निवासी संस्थेत, आई लॉन्ड्रीत. इंडस्ट्रियल स्कूलमध्ये वाढलेली मुलगी सोळा वर्षांची झाली आणि तिला घेऊन जायला कुणी आलं नाही, तर तीही लॉन्ड्रीत. लॉन्ड्रीतून पळालेली काही वेळा वेड्यांच्या इस्पितळात. बोस्टन कॉलेजचे प्राध्यापक जेम्स स्मिथ यांनी २००७ मध्ये आपल्या ग्रंथात या साऱ्या व्यवस्थेचा नकाशाच मांडला. लॉन्ड्री हा त्या व्यवस्थेतला एक टप्पा होता, सगळ्यांत कमी नोंदी ठेवलेला.

आत गेलेल्या मुलीचं पहिल्याच दिवशी नाव बदललं जाई. घरचं नाव काढून संताचं किंवा संतिणीचं नाव दिलं जाई. अंगावर बेढब, सैल गणवेश चढे. अनेकींचे केसही कापले जात. बोलायला बंदी असे. काम करताना एक सिस्टर जपमाळेची प्रार्थना म्हणे आणि बाकीच्या साथ देत. बायकांना ‘पेनिटंट’ म्हणजे प्रायश्चित्त घेणाऱ्या म्हणत, आणि पन्नाशी उलटलेल्या बाईलाही ‘मुली’ म्हणूनच हाक मारत. खिडक्या उंचावर, दारांना कुलपं, कुंपणाच्या भिंतीवर कुठे कुठे काचेचे तुकडे.

काम आठवड्याचे सहा दिवस. व्हॅनमधून आलेली गाठोडी सुटी करायची, कपडे निवडायचे. परीट जसा कपड्याच्या कोपऱ्यावर न पुसणारी खूण करतो, तशी इथेही प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्याला टाक्याने नंबर शिवलेला असे. तो पाहून नोंद करायची. इस्पितळातून येणाऱ्या चादरी रक्ताने माखलेल्या असत, त्या आधी हातांनी चोळायच्या. मग वाफेच्या मोठ्या यंत्रांत सोडा टाकून धुलाई, पिळणी, आणि शेवटी तापलेल्या रुळांची इस्त्री. त्या रुळांत ओली चादर सरकवायला दोन जणी लागत आणि हात जरा पुढे गेला की भाजत असे. घड्या, बांधणी, आणि व्हॅन पुन्हा बाहेर. सरकारचे कारखाना-निरीक्षक अधूनमधून यंत्रं पाहायला येत. यंत्राला नीट आडोसा आहे का, हे ते तपासत. यंत्रापाशी उभ्या असलेल्या बाईला इथे कुणी आणि कोणत्या कायद्याने ठेवलं आहे, हे तपासणं कुणाच्याच कामात बसत नव्हतं.

आणि कायदा बहुतेकींच्या बाबतीत नव्हताच. न्यायालयाने पाठवलेल्या काही बायका होत्या. त्यांना निदान मुदत होती. पण बापाने, भावाने, पाद्र्याने किंवा समाजसेविकेने आणून सोडलेल्या मुलीवर खटला नव्हता, शिक्षा नव्हती, त्यामुळे शिक्षा संपण्याची तारीखही नव्हती. पळून गेलेल्यांना आयरिश पोलीस, म्हणजे गार्डा, पकडून परत आणत. १९७० मध्ये न्यायाधीश आयलीन केनेडी यांच्या समितीने इंडस्ट्रियल स्कूलांवर अहवाल दिला, त्यात १३ ते १९ वयाच्या किमान ७० मुली अशा मठांत ठेवलेल्या असल्याचं लिहिलं होतं. म्हणजे सरकारला ठाऊक होतं, आकड्यासकट ठाऊक होतं. त्यानंतरही शेवटची लॉन्ड्री बंद व्हायला २६ वर्षं लागली.

आतल्या बाजूने हे पाहणाऱ्यांत नवख्या ननही होत्या. पॅट्रिशिया बर्क ब्रोगन यांना १९६० च्या दशकात व्रतप्रवेशाआधीच्या शिक्षणात गॉलवेच्या लॉन्ड्रीवर देखरेखीला पाठवण्यात आलं. किल्ल्यांचा जुडगा, वाफेत राबणाऱ्या बायका आणि कुलूपबंद दारं हे सारं त्यांच्या मनातून गेलं नाही. त्यांनी मठ सोडला आणि पुढे ‘एक्लिप्स्ड’ हे नाटक लिहिलं. १९९२ मध्ये ते गॉलवेतच रंगमंचावर आलं, मलन यांच्या चित्रपटाच्या दहा वर्षं आधी. त्या नाटकाने गावातल्या गावात पहिल्यांदा तोंडावरची पट्टी काढली.

गिऱ्हाइकं कोण होती? डब्लिनमधल्या एका लॉन्ड्रीच्या १९८० च्या दशकातल्या हिशेबाच्या वहीतली नावं पुढे वर्तमानपत्रांत आली. त्यात आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान होतं. गिनेसचा कारखाना होता, गेइटी थिएटर होतं, बँक ऑफ आयर्लंड होती, संरक्षण खातं होतं, सरकारी परिवहन मंडळ होतं, गोल्फ क्लब होते आणि नामवंत हॉटेलं होती. ही यादी वाचताना अंगावर काटा येतो, कारण तिच्यात खलपुरुष असा कुणीच नाही. ही सगळी रोजच्या व्यवहारातली माणसं. कपडे वेळेवर येत, स्वच्छ येत, दर परवडत. इतकं स्वस्त कसं पडतं, हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारल्याची नोंद नाही.

शिवाय हे लपलेलं नव्हतं. लॉन्ड्र्या शहरांच्या मध्यवस्तीत होत्या, व्हॅनवर नाव रंगवलेलं असे. कॉर्पस क्रिस्तीच्या सणाला प्रार्थनेच्या मिरवणुकीत या बायका रांगेने रस्त्यावर येत. १९६० च्या दशकातल्या डब्लिनच्या एका छायाचित्रात त्यांच्या दोन्ही बाजूंनी गार्डा चालताना दिसतात. गल्लीतली पोरं त्यांना ‘मॅगी’ म्हणत. घरात ऐकत नसलेल्या मुलीला ‘लॉन्ड्रीत धाडीन’ असा धाक घातला जाई. ज्या धाकाचा उपयोग होतो, तो सगळ्यांना माहीत असल्याशिवाय होत नाही.

लॉन्ड्र्या बंद पडल्या त्या मुख्यतः धंदा बसला म्हणून. घरोघरी धुलाईयंत्रं आली, इस्पितळांनी स्वतःच्या लॉन्ड्र्या काढल्या, मोठ्या कंपन्या स्पर्धेत उतरल्या. त्याच सुमारास आत येणाऱ्या मुलींची संख्याही घटली: १९६७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं, १९७३ मध्ये अविवाहित मातांना सरकारी भत्ता मिळू लागला, १९८७ च्या कायद्याने विवाहबाह्य मुलांवरचा ‘अनौरस’ हा शिक्का पुसला. डन लॅरीची लॉन्ड्री १९६३ मध्ये गेली, न्यू रॉसची १९६७ मध्ये, मग कॉर्कची संडेज वेल, लिमरिक, वॉटरफर्ड, गॉलवे. १९९१ मध्ये हाय पार्क बंद झाली आणि तिथूनच ही गोष्ट उघड्यावर आली.

हाय पार्कच्या ननांना मालमत्तेचा एक तुकडा बांधकाम व्यावसायिकाला विकायचा होता. त्या तुकड्यात मॅग्डलेन बायकांची दफनभूमी होती. १९९३ मध्ये १३३ देह हलवण्याची परवानगी घेण्यात आली. खोदताना १५५ सापडले. बावीस बायका कागदावर नव्हत्याच. परवानगीच्या यादीतल्या काही जणींपुढेही फक्त मठातलं संतिणीचं नाव होतं, मूळ नाव-आडनाव नव्हतं. अनेकींचे मृत्यूचे दाखले मिळेनात. चादर कुणाची हे सांगणारा नंबर प्रत्येक चादरीला होता, आणि त्या धुणाऱ्या बाईचं नाव तिच्या मरणानंतरही लिहून ठेवलेलं नव्हतं. बहुतेक देहांचं दहन करून अस्थी ग्लासनेव्हिनच्या दफनभूमीत पुरण्यात आल्या. या प्रकारानंतर काही स्त्रियांनी स्मारकासाठी समिती काढली आणि १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन यांच्या हस्ते डब्लिनच्या सेंट स्टीफन्स ग्रीन बागेत एक बाक उभा राहिला.

सरकार मात्र अंग काढत राहिलं. २००२ मध्ये, चित्रपट आला त्याच वर्षी, मुलांच्या निवासी संस्थांत छळ झालेल्यांना भरपाई देणारा कायदा झाला. लॉन्ड्र्या त्यात नव्हत्या. त्या खाजगी होत्या, बायका आपल्या इच्छेने राहिल्या, हे त्यामागचं म्हणणं. २००९ मध्ये एका मंत्र्याने तर पत्रात त्यांचा उल्लेख ‘कर्मचारी’ असा केला. ‘जस्टिस फॉर मॅग्डलेन्स’ ही दत्तक गेलेल्या मुली आणि संशोधकांनी मिळून चालवलेली छोटी संघटना कागदपत्रं जमवत राहिली. देशात कुणी ऐकेना, तेव्हा ती संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीपुढे गेली. जून २०११ मध्ये त्या समितीने आयर्लंडला चौकशी करायला सांगितलं आणि मग सरकार हललं.

सिनेटर मार्टिन मॅकअलीस यांच्या समितीचा हजाराहून अधिक पानांचा अहवाल ५ फेब्रुवारी २०१३ रोजी प्रसिद्ध झाला. १९२२ ते १९९६ या काळात किमान १०,०१२ स्त्रिया लॉन्ड्र्यांत गेल्या होत्या. ज्यांच्या येण्याचा मार्ग कळला, त्यांपैकी २६.५ टक्के राज्ययंत्रणेने पाठवलेल्या होत्या. सर्वांत लहान मुलगी नऊ वर्षांची होती, सर्वांत वृद्ध बाई ८९ वर्षांची. सरकारचा संबंध नव्हता, हे म्हणणं त्या दिवशी संपलं.

अहवालाने चित्रपटातल्या काही गोष्टींना दुजोरा दिला नाही, हेही सांगायला हवं. समितीपुढे ११८ स्त्रिया बोलल्या. त्यांतल्या बहुसंख्य जणींनी ननांकडून नित्य मारहाण झाल्याचं सांगितलं नाही. संघटनेने मात्र याच्या उलट सांगणाऱ्या कितीतरी साक्षी जमवल्या होत्या आणि समितीने त्यांना पुरेसं वजन दिलं नाही, अशी तिची तक्रार आजही आहे. निम्म्या बायका सात महिन्यांच्या आत बाहेर पडल्या, हा समितीचा आकडाही वादात सापडला. १९२२ पूर्वी आत गेलेल्या आणि पुढे तिथेच मेलेल्या बायका त्यात धरल्या नव्हत्या, गॉलवे आणि डन लॅरीच्या नोंदवह्या उपलब्ध नव्हत्या आणि अनेक नोंदींत मुक्कामाचा काळच लिहिलेला नव्हता. पण एका गोष्टीवर सगळ्या जणींचं बोलणं येऊन थांबत होतं: आपण इथे का आहोत आणि कधी सुटणार, हे कुणी सांगत नव्हतं. जन्मभर पुरून उरणारी जखम हीच, असं साक्ष देणाऱ्या बायका पुन्हा पुन्हा सांगत होत्या. सात महिन्यांत सुटलेल्या मुलीलाही आपण सात महिन्यांत सुटणार, हे पहिल्या दिवशी ठाऊक नव्हतं.

१९ फेब्रुवारी २०१३ रोजी पंतप्रधान एंडा केनी यांनी संसदेत राष्ट्राच्या वतीने माफी मागितली. सज्जात बसलेल्या वृद्ध स्त्रियांकडे पाहताना त्यांना रडू आवरलं नाही. ११,५०० ते एक लाख युरोपर्यंत भरपाई ठरली आणि आठशेहून अधिक स्त्रियांना ती मिळाली. चारही संघांनी या निधीत वाटा द्यायला नकार दिला. भरपाईतून कुणाला वगळायचं यावर सरकारी खात्याने इतका काटेकोरपणा दाखवला की २०१७ मध्ये देशाच्या लोकपालांना त्यावर अहवाल लिहावा लागला. जून २०१८ मध्ये जगभरातून दोनशेहून अधिक मॅग्डलेन स्त्रिया डब्लिनला एकत्र आल्या. राष्ट्राध्यक्ष मायकल डी. हिगिन्स यांनी आपल्या निवासस्थानी त्यांचं स्वागत केलं आणि माफी मागितली. त्याच निवासस्थानाचे कपडे एके काळी या बायकांच्या जगातून धुऊन येत होते.

शॉन मॅकडरमॉट रस्त्यावरची इमारत महापालिकेच्या ताब्यात आली होती. तिथे हॉटेल बांधण्यासाठी ती एका जपानी कंपनीला विकायचं ठरत होतं. सप्टेंबर २०१८ मध्ये नगरसेवकांनी मतदान करून ती विक्री थांबवली आणि २०२२ मध्ये सरकारने तिथे संशोधन व स्मरणाचं राष्ट्रीय केंद्र उभारण्याचं जाहीर केलं. चित्रपटही येत राहिले. २०१३ मध्ये ‘फिलोमिना’ आला, मूल हिरावलेल्या आईचा. २०२४ मध्ये क्लेअर कीगन यांच्या लघुकादंबरीवरचा ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’ आला. त्यात १९८५ च्या नाताळात न्यू रॉस गावात कोळसा पोहोचवणारा एक व्यापारी मठाच्या कोळशाच्या खोलीत कोंडलेली मुलगी पाहतो. मलन यांनी कॅमेरा भिंतीच्या आत ठेवला होता. इथे तो भिंतीच्या बाहेर, गिऱ्हाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या बाजूला आहे. वीस वर्षांत आयर्लंडचं स्वतःकडे पाहणं किती बदललं, ते या फरकात दिसतं.

एक काम मात्र अजून व्हायचं आहे. लॉन्ड्र्यांच्या नोंदवह्या आजही धर्मसंघांची खाजगी मालमत्ता आहेत. मॅकअलीस समितीने काम संपल्यावर त्या संघांना परत केल्या आणि आपल्याकडच्या प्रती नष्ट केल्या. आपली आई कधी आत गेली, कुणी आणून सोडली, कुठे पुरली, हे शोधणाऱ्या मुलामुलींना एकेका संघाच्या दारात अर्ज घेऊन उभं राहावं लागतं, आणि काय दाखवायचं हे संघ ठरवतो. संशोधकांना तर ती दारं जवळजवळ बंदच आहेत. ‘जस्टिस फॉर मॅग्डलेन्स’च्या कार्यकर्त्यांनी दफनभूमीतल्या दगडांवरची नावं, जनगणनेचे कागद आणि मतदारयाद्या एकमेकांशी ताडून शेकडो बायकांची नावं शोधून काढली आहेत, कुणाची तारीख चुकलेली, कुणाचं आडनाव चुकलेलं, कुणाचा दगडच नाही. त्यांची मागणी साधी आहे: या वह्या राष्ट्रीय अभिलेखागारात जमा कराव्यात आणि ज्यांच्याबद्दल त्या लिहिल्या गेल्या, त्यांच्या कुटुंबीयांना त्या विनाअट पाहता याव्यात. ज्या सरकारने संसदेत उभं राहून माफी मागितली, त्याला त्यासाठी कायदा करणं अवघड नाही. साक्ष देऊ शकणाऱ्या बायका आता वृद्ध झाल्या आहेत आणि दर वर्षी त्यांची संख्या कमी होते आहे.